१२ व्होल्टची बाजू

कॅम्परव्हॅन बांधायची ठरली की बहुधा पहिली खरेदी इन्व्हर्टरची होते. खोक्यावर ठळक अक्षरांत २००० वॉट छापलेलं असतं, पुढच्या बाजूला घरातल्यासारखे दोन सॉकेट असतात आणि मिक्सर, लॅपटॉप, इंडक्शन शेगडी सगळं गाडीत चालणार म्हणून मालक खूश असतो. बॅटरी मग सीटखाली उरलेल्या जागेत बसेल तेवढी घेतली जाते. वायर तर इलेक्ट्रिशियन आपल्या पिशवीतूनच काढतो. पहिल्या सहलीत शेगडी लावली की इन्व्हर्टर दोन मिनिटं चालतो, पी-पी करून ओरडतो आणि बंद पडतो. खापर इन्व्हर्टरवर फुटतं. प्रत्यक्षात त्याला लागेल तेवढी वीज त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

या पुस्तकाचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी रोजच्या वापराचा हिशोब, मग बॅटरी, मग ती भरायची सोय, मग केबल आणि फ्यूज. इन्व्हर्टर कोणता घ्यायचा, हे प्रकरण त्यानंतर येतं. हा क्रम विचार करून ठरवला आहे. इन्व्हर्टरवर पडणारा ताण आणि त्यापासून होणारा धोका सॉकेटच्या बाजूला दिसत नाही. तो असतो मागे, जिथे लाल आणि काळी अशा दोन जाड केबल येऊन मिळतात. २३० व्होल्टला लहान मूलही घाबरतं. १२ व्होल्टला मात्र जाणती माणसंही घाबरत नाहीत, कारण बॅटरीच्या दोन टोकांवर बोटं ठेवली तरी काही जाणवत नाही. शॉक बसत नाही म्हणून आग लागत नाही, असं मात्र नाही.

महाराष्ट्राला इन्व्हर्टर नवा नाही. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत तो घरोघरी पोचला. जिन्याखाली ट्रॉलीवर ठेवलेली ट्युब्युलर बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर आणि दर दोन-तीन महिन्यांनी घालायचं डिस्टिल्ड वॉटर, हे सगळं सवयीचं झालं. पुढे २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही ‘केरव्हॅन केरळ’ योजना जाहीर केली. फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर अशा गाड्यांमध्ये पलंग, ओटा, सिंक बसवून घेणारी कुटुंबं आणि कारागीर दोन्ही दिसू लागले. आणि जिन्याखालचं ज्ञान जसंच्या तसं गाडीत चढलं.

तिथेच गडबड होते. घरचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर दोन-चार तास पंखे आणि दिवे सांभाळण्यासाठी बनवलेला असतो. त्याची बॅटरी भरायला भिंतीतला प्लग कायम हजर असतो, आणि एकदा ठेवला की तो जागचा हलत नाही. गाडीत ही तिन्ही गृहीतकं मोडतात. वीज दिवसभर लागते, भरायचं साधन रोज वेगळं असतं आणि कोकणातल्या घाटात प्रत्येक नट-बोल्ट दिवसभर थरथरत असतो.

मुळाशी आहे तो साधा गुणाकार. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. १००० वॉटची इस्त्री घरात २३० व्होल्टवर जेमतेम साडेचार अँपिअर घेते. तीच इस्त्री १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची तर १००० ला १२ ने भागून ८३ अँपिअर होतात. इन्व्हर्टर स्वतः १० ते १५ टक्के वीज उष्णतेत घालवतो, ती धरली की बॅटरीतून ९२ ते ९८ अँपिअर ओढले जातात. १५०० वॉटच्या शेगडीला १४० ते १५० अँपिअर लागतात, २००० वॉटला दोनशेच्या घरात. शिवाय वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट वीस पट झाला तर त्याच वायरमध्ये उष्णता चारशे पट होते. पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक नियम या एका वाक्यातून निघतो. मोठ्या बसच्या चेसिसवर कॅरव्हॅन बांधताना २४ व्होल्ट निवडतात तेही याचसाठी: व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा होतो आणि तेवढ्याच वायरमधली उष्णता चौथ्या हिश्शावर येते.

डीसीची एसी करणाऱ्या यंत्राची गोष्ट जुनी आहे. जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंते डेव्हिड प्रिन्स यांनी १९२५ मध्ये या यंत्रावर लेख लिहिला तेव्हा ते पोकळ काचनळ्यांवर चालायचं. १९५७ मध्ये त्याच कंपनीने थायरिस्टर बाजारात आणला, पुढे मॉसफेट आला आणि खोलीभर पसरलेलं यंत्र हातात मावू लागलं. आजचा हलका इन्व्हर्टर दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात बॅटरीचे १२ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून साडेतीनशे व्होल्टच्या पलीकडे चढवले जातात. दुसऱ्या टप्प्यात त्या उंच डीसीला कापून-तासून ५० हर्ट्झच्या लाटेचा आकार दिला जातो. जुन्या धाटणीच्या जड इन्व्हर्टरमध्ये आधी लाट तयार होते आणि मग लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर ती २३० व्होल्टवर नेतो. त्याचं वजन दुप्पट-तिप्पट असतं, पण फ्रीज किंवा पंपाच्या मोटरचा सुरुवातीचा धक्का तो सहज सोसतो. वर्षभर रस्त्यावर असणाऱ्या गाडीला कोणता बरा, याची चर्चा पाचव्या प्रकरणात सविस्तर आहे.

लाटेच्या आकाराबद्दल मात्र इथेच सांगायला हवं. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात. खोक्यावर त्याला मॉडिफाइड साइन वेव्ह म्हटलेलं असतं. बल्ब, साधा हीटर त्यावर चालतो. पंखा गुणगुणतो, मोटर जास्त तापते, काही चार्जर गरम होतात आणि झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा प्रयोग करूच नये. प्युअर साइन वेव्हची किंमत जास्त असली तरी कुटुंबाच्या गाडीत दुसरा पर्याय धरू नये, अशी या पुस्तकाची स्पष्ट भूमिका आहे.

आता वापराचा हिशोब. चौघांचं कुटुंब ट्रॅव्हलरमधून मालवण-वेंगुर्ल्याकडे निघालं आहे असं धरू. लॅपटॉप ६० वॉटचा, तीन तास: १८० वॉट-तास. चार फोन मिळून ६०. एलईडी दिवे २० वॉटचे, पाच तास: १००. छतावरचा पंखा ३० वॉटचा, रात्रभर आठ तास: २४०. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज ४५ वॉट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसाचे निम्मे तास चालू राहतो: ५४०. पाण्याचा छोटा पंप ३०. सोलकढीच्या खोबऱ्यासाठी ५०० वॉटचा मिक्सर सहा मिनिटं: ५०. बेरीज १२०० वॉट-तास.

याच यादीत १५०० वॉटची इंडक्शन शेगडी चाळीस मिनिटं घातली की १००० वॉट-तास वाढतात आणि बेरीज २२०० वर जाते. एका शेगडीने दिवसाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, बॅटरीवरचा करंट दीडशेपर्यंत चढतो, केबल दुप्पट जाड लागते, इन्व्हर्टर दुप्पट मोठा लागतो. त्यामुळे शेगडी हवी की नको, हा स्वयंपाकघराचा प्रश्न वाटला तरी सगळ्या गाडीच्या विजेची किंमत त्यावरच ठरते. एक किलो एलपीजीमध्ये साडेबारा हजारांहून अधिक वॉट-तास ऊर्जा असते; त्यातली निम्मी भांड्यापर्यंत पोचली असं धरलं तरी वर्षात दहा-बारा सहली करणाऱ्या कुटुंबाला गॅसच परवडतो. मात्र सिलिंडर बाहेरच्या बाजूला हवा खेळणाऱ्या कप्प्यात हवा आणि आत गळती ओळखणारा अलार्म हवा.

याच यादीकडे पुन्हा पाहिलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. दिवे, पंखा, फ्रीज, पंप हे सगळं थेट १२ व्होल्टवर चालतं. फोनला यूएसबी पुरे. लॅपटॉपलाही आता १२ व्होल्टवर चालणारे टाइप-सी चार्जर मिळतात. इन्व्हर्टर खरोखर लागतो तो फक्त मिक्सरला, तोही सहा मिनिटं. उरलेल्या वेळेत तो चालू ठेवला तर नुसतं जागं राहण्यासाठी १० ते १५ वॉट खात राहतो. १५ वॉट चोवीस तास म्हणजे ३६० वॉट-तास. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत १२८० वॉट-तास मावतात. त्यातला पाव हिस्सा काहीही न चालवता संपला. म्हणून इन्व्हर्टरचा रिमोट स्विच ओट्याजवळ, हाताशी बसवावा आणि मिक्सरचं काम झालं की बंद करावा. अशा कुटुंबाला १००० वॉटचा चांगला इन्व्हर्टर पुरतो. २००० वॉटचा खोका दुकानातच राहू शकतो.

मोटरच्या वस्तूंसाठी इन्व्हर्टर निवडताना खोक्यावरचे दोन आकडे वेगवेगळे वाचायला हवेत. एक सलग चालवण्याचा, दुसरा काही क्षणांचा. फ्रीजची किंवा पंपाची मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या तिपटी-चौपटीहून जास्त करंट मागते. जाहिरातीत मोठ्या टाइपात असतो तो बहुधा क्षणिक आकडा. खरेदी करायची ती सलग आकडा पाहून, आणि तोही ४० अंश तापमानाला किती उरतो हे विचारून. कारण बरेच इन्व्हर्टर २५ अंशांवरचा आकडा छापतात आणि नागपूरच्या मे महिन्यात २५ अंश कुठेच नसतात.

बॅटरीच्या बाबतीत सवयीची निवड म्हणजे जिन्याखालची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर. कागदावर तिच्यात १८०० वॉट-तास असतात. निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून हातात येतात ९००. त्यातही एक गोम आहे. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पॉइकर्ट यांनी १८९७ मध्येच दाखवून दिलं होतं की शिसं-आम्लाच्या बॅटरीतून जितक्या जोराने वीज ओढावी तितकी तिची एकूण क्षमता घटते. खोक्यावरचा १५० चा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करून मोजलेला असतो. शंभर अँपिअरने ओढली तर त्याच्या आसपासही ती पोचत नाही. वर पन्नास किलोहून जास्त वजन, वळणावर हिंदकळणारं आम्ल, आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन. माणसं झोपतात त्याच बंद डब्यात ही बॅटरी ठेवणं योग्य नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटने हे चित्र पालटलं. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी हे भारतीय संशोधक काम करत होते. या तिघांच्या नावावर १९९७ मध्ये आलेल्या शोधनिबंधाने या पदार्थाचा बॅटरीतला उपयोग जगासमोर आला; गुडइनफ यांना लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १०० अँपिअर-अवरची अशी बॅटरी बारा किलोच्या आसपास भरते, ऐंशी-नव्वद टक्के रिकामी करता येते आणि मोबाइलमधल्या लिथियमसारखी उष्णतेला सहज दाद देत नाही. मात्र तिच्या आत बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) नावाचा पहारेकरी असतो. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत तो बहुधा १०० अँपिअरच्या पुढे सलग करंट जाऊ देत नाही. तिला २००० वॉटचा इन्व्हर्टर जोडून शेगडी लावली की पहारेकरी दार बंद करतो आणि क्षणात फ्रीज, दिवे, पंप सगळं अंधारात. दुसरी मर्यादा लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी: शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नाही. वापरता येते, भरता येत नाही. हीटर असलेली बॅटरी तरी घ्यावी किंवा ती माणसांच्या उबेत, आतल्या बाजूला बसवावी.

भरायचे मार्ग तीन. पहिला गाडीचाच अल्टरनेटर, ज्याला मेकॅनिक अजून डायनामो म्हणतात. लिथियम बॅटरी त्याला थेट जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढून घेते. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असेल तर डायनामोचा पंखा हळू फिरतो आणि वाइंडिंग तापतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटरचं व्होल्टेज संगणक वर-खाली करतो, त्यामुळे थेट जोडणी आणखी बेभरवशाची ठरते. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. ३० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ४०० वॉट-तास भरतो. पुणे ते महाबळेश्वर हा घाटासह तीन तासांचा प्रवास धरला तर १२०० वॉट-तास. वरच्या कुटुंबाचा दिवसभराचा खर्च एवढ्यात भरून निघतो. दुसरा मार्ग छतावरचे सोलर पॅनल. सपाट बसवलेल्या ४०० वॉटच्या पॅनलकडून स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२०० ते १५०० वॉट-तास धरावेत, जुलैत आंबोलीच्या धुक्यात त्याच्या चौथ्या हिश्शाचीही खात्री धरू नये. तिसरा मार्ग मुक्कामाच्या जागी मिळणारा प्लग.

यानंतर येते केबल, आणि इथे थोडं थांबायला हवं. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात दोन मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन चार मीटर तांबं लागतं. ३५ चौरस मिलिमीटरच्या केबलमधून १०० अँपिअर नेले तर वाटेत ०.२ व्होल्ट पडतात आणि २० वॉट उष्णता होते, तीही चार मीटरवर पसरलेली. त्याच जागी १० चौरस मिलिमीटरची केबल घातली, जी हातात घेतल्यावर भक्कमच वाटते, तर ०.७ व्होल्ट पडतात आणि ७० वॉट नुसते तापण्यात जातात. बॅटरीवर १२ व्होल्ट दिसत असतात, इन्व्हर्टरला सव्वाअकरा मिळतात. बॅटरी थोडी उतरली की इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून ओरडतो आणि मालक बॅटरी बदलायला निघतो. १००० वॉटला ३५, २००० वॉटला ७० चौरस मिलिमीटर, अंतर दोन मीटरच्या आत, आणि काळी केबलही पूर्ण लांबीची. चेसिसच्या पत्र्यातून परतीचा रस्ता नको.

जाड केबल घेऊन भागत नाही, तिचं टोकही नीट बांधावं लागतं. चाकूने गोल कापून रबर उतरवताना आतली एकही तार तुटता कामा नये. मग टिन चढवलेला तांब्याचा लग त्यावर शेवटपर्यंत सरकवायचा. त्याच्या मानेतल्या छिद्रातून तांबं दिसलं पाहिजे. हायड्रॉलिक क्रिंपरच्या षटकोनी साच्यात तो दाबला की तारा आणि लग यांचा एकच घट्ट ठोकळा होतो. हाताने जोर लावून ओढून पाहायचं, आणि शेवटी हीट-श्रिंक नळी चढवून गरम हवेने आवळायची. हातोड्याने ठोकून चपटा केलेला लग बाहेरून तसाच दिसतो, पण आत तारांमध्ये हवा उरलेली असते. सोल्डरने भरलेला लगही गाडीत नको; सोल्डर तारांत झिरपून टोक कडक करतं आणि थरथरीत तार नेमकी त्या कडेलाच तुटते. सैल जोडणीत पाच मिलिओहमचा अडथळा राहिला तर १०० अँपिअरला त्या एका नटाखाली ५० वॉट उष्णता होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि ते शिसं वितळवतं.

फ्यूजबद्दलचा सर्वांत घातक समज म्हणजे घरच्या डीबीतला एमसीबी इथेही चालेल. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही. ठिणगी ताणली जाऊन जळत राहते. म्हणून डीसीसाठी प्रमाणित फ्यूजच लागतो, तो बॅटरीच्या प्लस टोकाच्या अगदी जवळ, वितीभर अंतरात. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते, तेवढे तोडण्याची ताकद फ्यूजमध्ये हवी. टी क्लासचा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो. १००० वॉटच्या इन्व्हर्टरला १२५ अँपिअरचा फ्यूज बसतो. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, इन्व्हर्टरला नव्हे, त्यामुळे त्याचा आकडा केबल सोसेल त्यापेक्षा मोठा कधीच नसावा.

पहिल्यांदा जोडणी करताना आणखी एक प्रकार घडतो. इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात, ते रिकामे असतात. केबलचा लग टर्मिनलला टेकताच ते एका फटक्यात भरतात आणि फाट् आवाज होऊन निळसर ठिणगी उडते. टर्मिनलवर काळा खड्डा पडतो. यावर गॅरेजमधला जुना उपाय आजही उत्तम आहे. १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब मध्ये धरून आधी त्याच्यातून करंट जाऊ द्यायचा. बल्ब क्षणभर पेटतो, मंद होतो, विझतो. विझला की कपॅसिटर भरले. मग मुख्य केबल शांतपणे लावावी. त्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस दोनदा तपासावं. उलटी जोडणी मॉसफेट क्षणात जाळते आणि वॉरंटीत ते बसत नाही.

इन्व्हर्टरची जागा बॅटरीच्या जवळ, पण शिसं-आम्लाची बॅटरी असेल तर तिच्या वर किंवा तिच्याच पेटीत नव्हे. वर-खाली हवा जायला जागा, पाण्याच्या टाकीपासून दूर, प्लायवूडवर रबरी वॉशर आणि लॉकनट लावून. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी सहज चढतं; गादीखालच्या बंद कप्प्यात बसवलेला इन्व्हर्टर दुपारी मिक्सर लावताच बंद पडतो तो याच कारणाने.

२३० व्होल्टची बाजू छोटी असली तरी तिथे चूक चालत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, जिला इलेक्ट्रिशियन ईएलसीबी म्हणतात, ती बसवायची. पण गाडी रबरी टायरवर उभी असते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि गाडीचं अर्थिंग एका ठिकाणी जोडलेलं नसेल तर गळतीचा करंट परत येऊच शकत नाही, आणि आरसीसीबी नुसती शोभेची राहते. काही इन्व्हर्टर हा जोड आतून स्वतः करतात. काही स्वस्त इन्व्हर्टरच्या दोन्ही तारांवर व्होल्टेज असतं आणि तिथे जोड दिला की यंत्र जळतं. म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय या जोडाला हात लावू नये, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. बाहेरचा प्लग आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये असा चेंजओव्हर हवा की दोन्ही वीज कधीच समोरासमोर येणार नाहीत. ढाब्यावर किंवा होमस्टेवर प्लग घालण्याआधी टेस्टरने फेज कुठे आहे आणि अर्थिंग आहे का, हे पाहायला अर्धं मिनिट लागतं.

अमेरिकेत या विषयाला मोठी परंपरा आहे. तिथल्या विजेच्या राष्ट्रीय संहितेत मोटरहोमसाठी ५५१ क्रमांकाचं स्वतंत्र कलम आहे, आणि कॅम्पग्राउंडवर ३० किंवा ५० अँपिअरचा खांब उभा असतो. तिकडची मराठी कुटुंबं भाड्याची मोटरहोम घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनला जातात तेव्हा त्यांनाही हे पुस्तक उपयोगी पडेल. वीज तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पुण्याहून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर त्यावर वाटण वाटणार नाही. भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत इन्व्हर्टर मोजक्याच सॉकेटना जोडलेला असतो, एअर कंडिशनर चालतो तो खांबावर किंवा जनरेटरवर, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडवर जनरेटर चालवायच्या वेळा ठरलेल्या असतात. गाडी ताब्यात घेतानाच कोणतं सॉकेट कशावर चालतं, हे विचारून घ्यावं.

भारतात कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि अशा मानकांनुसार गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. सुटी पॉवर बॉक्स ठेवणं वेगळं आणि गाडीत कायमची वायरिंग करणं वेगळं. आरटीओची मंजुरी आणि विमा कंपनीला दिलेली लेखी माहिती यांबद्दलचं प्रकरण वगळून पुढे जाऊ नये. आग लागल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न वायरिंगबद्दलच विचारते.

पुस्तकाच्या शेवटी तीन कागद जोडले आहेत. पहिला वापराच्या हिशोबाचा कोरा तक्ता. तो भरल्याशिवाय दुकानात जाऊ नये. दुसरा चाचणीचा: आधी १०० वॉटचा बल्ब, मग निम्मा लोड, मग पूर्ण लोड पंधरा मिनिटं. या पंधरा मिनिटांत बॅटरीच्या टोकांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर व्होल्टेज मोजायचं. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर प्रत्येक लग, फ्यूज आणि स्विच पार करत मीटरने शोधत जायचं, दोष सापडतोच. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे, तेही या कागदावर आहे. तिसरा कागद वायरिंगच्या नकाशाचा. केबलची जाडी, फ्यूजचे आकडे आणि स्विचच्या जागा त्यात भरून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा आहे, म्हणजे रात्री संगमेश्वरजवळ गाडी बंद पडली तर तिथला वायरमन अंदाजाने वायर कापत बसणार नाही.